एसीचा भाव ठरवणारी जीजी

या, या. असं दारात उभं राहून काय बोलता? आत या, माझ्याजवळ बसा. आधी मी रागावणार आहे, ते ऐकून घ्या. फोनवर दर वेळी "येतो, येतो" म्हणता आणि महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही. आणि आलात तर विचारता काय? "काकू, तुमच्याकडे एसीची सर्व्हिस कितीत होते?" काकूचे गुडघे कसे आहेत, ते राहिलं बाजूला. बरं, विचारलंच आहे तर सांगते. पण नुसता आकडा सांगून चालणार नाही. आमच्या गल्लीत एसीचा भाव म्हणजे जीजी. तिच्याबद्दल ऐकल्याशिवाय तुम्हाला तो समजायचा नाही.

"पहले पानी पियो, भिया. भाव की बात बाद में."

हे तिचं वाक्य. भिया म्हणजे आमच्या इंदूरचा भैया. एसीवाला पायऱ्या चढून आला, खांद्यावरचा पंप आणि पाइपाचं भेंडोळं खाली ठेवलं, की जीजी तांब्या-भांडं घेऊन समोर उभी. तहानलेला माणूस जास्त भाव सांगतो, असं तिचं म्हणणं. पाणी प्यायला की आवाज आपोआप खाली येतो. मी कितीदा नीट लक्ष देऊन पाहिलं, आणि खरंच यायचा.

जीजी नात्याने कुणाचीच जीजी नव्हती. इकडे मोठ्या बहिणीला जीजी म्हणतात, तेच आमच्या मराठी घरांनी उचललं आणि तिला चिकटवलं. उंचीने माझ्या खांद्याला लागायची, पण आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत जायचा. कुणाच्याही घरी गेली की आधी चालू एसीसमोर तळहात उलटा धरायची, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. डोळे बारीक करून क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "ह्याचा जीव घाबरतोय ग." आम्ही हसायचो. पण पंधरा दिवसांत त्या एसीतून पाणी गळायला लागायचं.

तिला हे सगळं कळायचं, त्याला कारण होतं. तिचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, कापडाच्या गिरणीत सूतखात्यात होते. गिरणी कधीच बंद झाली, पण तिथली रुई काकांच्या छातीतून काही गेली नाही. गर्मीत धूळ उडायला लागली की त्यांचा दम वर यायचा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की उन्हाळाभर खिडक्या बंद, खोली थंड आणि हवा स्वच्छ. जावयाने मागच्या खोलीत एसी लावून दिला. तेव्हापासून जीजीचं गणित सोपं होतं. एसी साफ, तर काका पेपर वाचत बसलेले. एसी घाण, तर काका उशीला टेकून, तोंड उघडं टाकून, एकेक श्वास ओढणारे. तुम्ही-आम्ही एसी लावतो ती आपली चैन. तिच्या घरी ते औषध होतं.

आता सर्व्हिस कधी करायची, त्याचाही आमच्याकडे एक रिवाज आहे. होळी झाली, तरी कुणी एसीवाल्याला बोलवायचं नाही. रंगपंचमी होऊ द्यायची. आमची गल्ली राजवाड्याच्या मागे, गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, जवळूनच जाते, आणि ते गुलाल उडवायचे भोंगे तुम्ही पाहिलेच आहेत. चार-चार मजले गुलाल वर जातो. एकदा एका नव्या सूनबाईने मोठ्या हौसेने आठवडाभर आधीच सर्व्हिस करून घेतली. रंगपंचमीला बाहेरच्या मशीनने पोटभर गुलाल खाल्ला. घरातल्या खिडक्याही उघड्याच होत्या, तेव्हा आतल्या मशीननेही खाल्ला. पुढे कितीतरी दिवस तिच्या नळीतून गुलाबी पाणी ठिबकत होतं. खालच्या दुकानदाराने पांढरा सदरा घालून तिथे उभं राहणं सोडून दिलं!

तर रंगपंचमी झाली, की पुढच्या रविवारी सगळ्या बायका माझ्या बैठकीत जमायच्या. सगळ्या गल्लीचा मिळून एकच भाव. एसीवाला भिया चाळिशीतला, दांडगा, मिशा अशा की ठाणेदार वाटावा. आणि बोलण्यात? विचारू नका.

"जीजी, पूरे इंदौर में मेरे जैसी सर्विस कोई करके दिखा दे, मूँछ कटवा दूँगा."

"मूँछ रहने दो, भाव काटो," जीजी म्हणायची.

तो म्हणायचा सातशे. त्यात सगळं, मतलब जाळ्या धुणं, आतल्या कॉइलवर पंपाने पाणी मारणं, पंख्याचा गोल काढून घासणं, पाण्याची नळी फुंकून साफ करणं, बाहेरचं मशीन धुणं आणि शेवटी गॅस बघणं. जीजी आमच्याकडे बघायची. मग आम्ही आपसात मराठीत ठरवायचो. हसऱ्या चेहऱ्याने हं, जसं काही पोह्यांना किती कांदा लागतो ते बोलतोय. त्याला कळता कामा नये ना! "पाचशे म्हण ग आधी." "साडेपाचशेवर सोड, त्याच्यावर नको." "मिशांना घाबरू नकोस, हा होच म्हणेल." भिया बिचारा छताकडे बघत बसायचा. मग जीजी हिंदीत पाचशे म्हणायची, तो कानांना हात लावायचा, आणि शेवटी बरोबर साडेपाचशेला यायचा.

"लेकिन इतने में हल्की सर्विस होगी, जीजी. जाली धो दूँगा, ऊपर से पानी मार दूँगा. बस."

"हलकी तर हलकी," आम्ही खुशीत म्हणायचो. दीडशे रुपये वाचले, ह्या आनंदात त्या दिवशी जिलेबी मागवली जायची.

माझ्या मनात मात्र एक किडा वळवळायचा. भिया आमच्या घरी अर्ध्या तासात उरकायचा. जीजीचं घर तो नेहमी शेवटी ठेवायचा, आणि तिथे गेला की अख्खी दुपार बाहेर यायचा नाही. एवढं काय करतो आत? मी दोनदा वाटी परत द्यायच्या निमित्ताने जाऊन आले. पण दार बंद, आत पंपाचा आवाज. काकांना त्या वेळी शेजारी बसवलेलं असायचं, त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला काय माहीत, मला तर घराबाहेर काढलंय."

मग ते वर्ष आलं. बैठक भरली होती, भाव चालू होता. जीजी पाण्याचा तांब्या आणायला माझ्या स्वयंपाकघरात गेली, आणि समोरच्या वहिनी, नेहमीचंच ते हसू ठेवून, मराठीत म्हणाल्या, "मला तर वाटतं, जीजीचं ह्यात कमिशन असणार. आपल्याकडे हा पळत-पळत करतो आणि तिच्याकडे ठाण मांडून बसतो. तिचं फुकटात करून देत असेल."

जीजी तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती काही बोलणार, तेवढ्यात भिया बोलला.

"फुकट नाही हो, वहिनी. जीजी पूर्ण सातशे देतात. कधी एक रुपया कमी केला नाही."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. इतकं साफ मराठी! आमच्या पोरांना येत नाही असं.

"तुला... तुम्हाला मराठी येतं?" कुणीतरी विचारलं.

"महूचा आहे मी. आजोबा पलटणीत होते, तेव्हापासून आम्ही तिथेच. घरात मराठीच बोलतो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्हीच हिंदीत सुरू करायच्या. आणि खरं सांगू? तुमचं ऐकायला मजा यायची. 'मिशांना घाबरू नकोस' कोण म्हणायचं, तेही माहीत आहे मला."

ते मी म्हणायचे. मी पंख्याकडे बघायला लागले.

जीजीला मात्र काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मला नंतर कळलं, की तिला पहिल्याच वर्षी समजलं होतं. काकांच्या खोलीत कपाटाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं तेव्हा हा मिशाळ गडी "आई गं!" म्हणून खाली बसला होता. तिने त्याच्या टाळूला बर्फ लावला आणि गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. का, तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्यापुढे बोलायच्या थांबला असता. तुम्ही कुठवर देणार, हे त्याला ऐकू येतं म्हणून तर भाव लवकर ठरतो ना! नाहीतर संध्याकाळ झाली असती."

पण हे नंतरचं. त्या वेळी समोरच्या वहिनींचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे आमच्यासाठी साडेपाचशेचं अर्धवट काम, आणि स्वतःसाठी पूर्ण?"

"हलकी तर हलकी, कोण म्हणायचं?" जीजी म्हणाली. "तुम्ही सांगितलंत कमी कर, मी केलं. नीट करून घे, असं एकीने तरी सांगितलं होतं का कधी?"

आपली चूक निघाली की माणूस दुसऱ्यावर घसरतो. वहिनी भियाकडे वळल्या. "आणि तू? चोरासारखं आमचं ऐकत बसायचास आणि पैसे घ्यायचास!"

भिया उठला. "जेवढं ठरलं तेवढं काम केलंय मी, सांगून केलंय. मला चोर म्हणणाऱ्या गल्लीत मी पाय ठेवणार नाही." पंप उचलला आणि निघाला. जीजी मागे धावली. "भिया, माझं तरी... अरे, काकांचं..." तिच्या गुडघ्यांनी पायऱ्या उतरेपर्यंत स्कूटर कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

आमचं काय, आम्ही पंख्याखाली झोपलो असतो. अडकली ती जीजी.

ऊन चढायला लागलं. तिने एसी लावून पाहिला, तर आतून कुबट वास आणि काकांना उबळ. बंद केला, तर खोलीची भट्टी. कूलर लावला, तर त्या दमट हवेने काका आणखी बेजार. जाळ्या तिने स्वतः धुतल्या, पण आतला गाळ जाळीने थोडाच निघतो? भिया फोन उचलेना. मोबाइलवरून दुसरा एक जण बोलावला. त्याने एसीचं झाकणसुद्धा उघडलं नाही आणि म्हणाला, "गैस कम है, माताजी, ढाई हज़ार लगेंगे."

"उड़ गई क्या? मिट्टी का तेल है? पिछले साल पूरी थी. कहाँ से लीक है, दिखाओ," जीजी म्हणाली. त्याला काही ते दाखवता आलं नाही. तो गेला. जीजी दार लावून बराच वेळ तिथेच उभी राहिली, असं काकाच मला म्हणाले. बोलताना दर दोन शब्दांनी थांबत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. "महूला जातेय. येतेस?"

मी गेले. मदत म्हणून कमी आणि कुतूहल म्हणून जास्त. बसने गेलो, विचारत-विचारत घर शोधलं. अंगणात भियाची आई विळीवर लोणच्याच्या कैऱ्या चिरत होती, आणि भिया शेजारी बसून कोयी काढत होता. आम्हाला पाहून तो चपापला. ठाणेदाराच्या मिशांना कैरीचा रस लागलेला.

जीजीने आढेवेढे घेतले नाहीत. "काकांना श्वास घेववत नाही रे," एवढंच म्हणाली.

तो उभाच राहिला. "मला कुठे माहीत! मला वाटलं तुम्ही गल्लीसाठी फोन करताय. उद्या सकाळी येतो, जीजी. पण फक्त तुमच्याकडे. बाकी कुणाच्या दारात नाही."

मला वाटलं, झालं, काम झालं, उठू या. पण जीजी खाली बसली. म्हाताऱ्या आईच्या समोरची एक कैरी हातात घेऊन नुसतीच फिरवत राहिली.

"तू ये, मी तुझे पाय धरते. पण मला राहायचंय त्याच गल्लीत. काकांना दम लागला की रिक्षापर्यंत उचलून नेणारे त्याच घरांतले आहेत. फक्त माझ्याकडे आलास, तर ते म्हणतील, बघा, म्हणतच होतो. माझ्याशी बोलायचे बंद होतील. मग मी कुणाला हाक मारू?"

भियाने मिशांवरचा रस पुसला.

"तू सगळ्यांकडे ये. पूर्ण भावात. मी मिळवून देते."

"त्या समोरच्या वहिनी देणार?"

"त्या पहिल्या देतील."

त्याची आई इतका वेळ नुसती ऐकत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "जा रे. मिशा मोठ्या ठेवल्यास, मन पण ठेव जरा." आणि निघताना आमच्या पिशवीत पाच-सहा कैऱ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला. काकांना माझ्याकडे आणून बसवलं, आणि मी दोन्हीकडे ये-जा करत राहिले. ह्या वेळी जीजीने दार बंद केलं नाही, उलट सताड उघडं ठेवलं. एसीच्या खाली मोठं प्लास्टिक बांधलं, खाली बादली ठेवली, पंप सुरू झाला. आणि पाणी आलं ते असं काळं, की जणू कुणी कोळसा धुतोय. आवाज ऐकून एक आली, दुसरी आली. समोरच्या वहिनी आधी आपल्या ओट्यावरून मान लांब करत होत्या, मग राहवेना, मग चप्पल घालून आल्याच.

"बाई ग! एवढं? हिचा तर दर वर्षी पूर्ण साफ होतो ना?"

"हो ना," जीजी म्हणाली. "मग तुझ्यातून काय निघेल, विचार कर."

वहिनींचा राग होता, पण कुतूहल त्याच्याहून मोठं निघालं. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "माझंही बघा जरा, भाऊ. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले." आणि लगेच, सवयीने, "साडेसहाशेला?"

आता गंमत ऐका. हिंदीत वाघ असलेला आमचा भिया मराठीत शेळी निघाला. वहिनींनी "भाऊ" म्हटलं, आणि तो म्हणाला, "बरं, वहिनी." त्याला आपल्या भाषेत नाहीच म्हणता येईना!

जीजी स्टुलावरून ओरडली, "सातशे म्हणजे सातशे! मी शब्द दिलाय!"

इकडे माझ्या बैठकीत काकांना ते ऐकू आलं. मान हलवत, थांबत-थांबत मला म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा ही भाव वाढवायला निघालीय. माझं काही खरं नाही आता." आणि हसायला लागले. हसताना खोकला आला, मी पाठ चोळली, पण ते हसतच राहिले. दुपारी खोलीत परत गेले तेव्हा एसी असा चालत होता, की आवाजसुद्धा नाही. जीजीने तळहात उलटा धरून पाहिला. मग तोच हात काकांच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

काका त्यानंतर आणखी काही उन्हाळे राहिले. गेले ते थंडीत, सकाळी चहा पिऊन झाल्यावर, शांतपणे. जीजीची मुलगी इंदूरबाहेर सिमरोलला त्या मोठ्या कॉलेजात नोकरीला आहे, तिथेच तिला क्वार्टर आहे. तिने आईला बोलावलं. जीजी नाही-नाही म्हणत शेवटी तयार झाली.

सामान बांधायच्या आदल्या दिवशी बघते तर काय, हिच्या दारात भियाची स्कूटर! काका नव्हते, घराला कुलूप लागणार होतं, एसी कुणी लावणार नव्हतं. आणि आत पंप चालू, बादली भरतेय, ही स्टुलावर बसून बघतेय. मी म्हटलं, "अग, आता कशाला पैसे घालवतेस?"

ती म्हणाली, "ह्या एसीने त्यांना इतकी वर्षं सांभाळलं. घाण ठेवून कशी जाऊ?"

भियाने त्या दिवशी पैसे घ्यायला हात पुढे केला नाही. जीजीने त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबले. पूर्ण सातशे.

आता आमच्याकडे रंगपंचमीनंतर तो येतो, तोच सातशेचा भाव सांगतो, आम्ही देतो. दोन मिनिटांत होतं सगळं. चांगलंच आहे म्हणा. पण बायका पटकन घरी जात नाहीत. उगाच बसून राहतात, काहीतरी व्हायचं राहिलंय असं वाटत असतं सगळ्यांना. मागच्या वेळी समोरच्या वहिनीच मला म्हणाल्या, "कशी असेल हो ती?"

फोन करते ती. म्हणते, इथे सगळे एसी ऑफिसची माणसं येऊन बघतात, कुणी कुणाशी बोलत नाही, पाणी विचारलं तर नको म्हणतात. हसत सांगते, पण मला तिचा आवाज कळतो. सिमरोल काही लांब नाही, पण माझ्या ह्या गुडघ्यांनी आता बस चढवत नाही. तुमच्याकडे गाडी आहे. म्हणून म्हणते, पुढच्या वेळी असा उशीर करू नका. एखाद्या रविवारी सकाळीच या, मला घ्या, समोरच्या वहिनींनाही घेऊ, त्या मागच्या सीटवर मावतील. ऊन कडक व्हायच्या आत या हं. लवकर या.